टस्कनीची डोंगरमाथ्यावरील नगरे : द्राक्षमळे, चित्रे आणि संत

इटलीच्या मध्यभागी वसलेला टस्कनी हा प्रांत जगभर दोन गोष्टींसाठी ओळखला जातो : तेथील कला आणि तेथील वाईन. रोमच्या यात्रेला जाणारे आपले भाविक बहुधा असिसीहून परतताना फ्लॉरेन्समध्ये एक दुपार घालवतात आणि पुढच्या मुक्कामाकडे निघतात. सिएना, सान जिमिन्यानो, पिएंझा, मोंतेपुल्चानो ही नावे कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच दिसतात. वास्तविक ख्रिस्तसभेच्या इतिहासातील काही थोर संत, पोप आणि धर्मपंडित याच लहान लहान नगरांनी दिले आहेत. रोमला जाण्याचा विचार करणाऱ्या आणि घरबसल्या ही ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

नगरे डोंगरावर का वसली?

टस्कनीतील बहुतेक जुनी नगरे टेकडीच्या माथ्यावर आहेत. यामागे तीन कारणे सांगता येतात. पहिले संरक्षणाचे. मध्ययुगात शेजारी शेजारी असलेली स्वतंत्र नगरराज्ये एकमेकांशी सतत लढत असत आणि तटबंदीचा माथा राखणे सोपे जाई. दुसरे आरोग्याचे. खालची खोरी अनेक ठिकाणी दलदलीची होती आणि तेथे हिवतापाचे राज्य होते. तिसरे कारण वाटेचे. युरोपच्या उत्तरेकडून रोमकडे जाणारा ‘विया फ्रांचिजेना’ हा यात्रामार्ग याच प्रदेशातून जाई. इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक यांनी इ. स. ९९०च्या सुमारास रोमहून परतताना आपल्या मुक्कामांची नोंद ठेवली. तीत या भागातील अनेक ठिकाणे आढळतात. यात्रेकरू आले, म्हणून धर्मशाळा आल्या. धर्मशाळांमागून बाजार, सावकार आणि चित्रकार आले. या नगरांच्या भरभराटीच्या मुळाशी पायी चालणारा यात्रेकरू आहे, हे प्रवाशांनी ध्यानात ठेवावे.

फ्लॉरेन्स आणि जुन्या गोव्याचा धागा

प्रांताची राजधानी फ्लॉरेन्स ही डोंगरावरची नाही, आर्नो नदीकाठची नगरी आहे. ब्रुनेलेस्की यांनी १४२० ते १४३६ या काळात उभारलेला कॅथेड्रलचा घुमट आणि १५०४ साली पूर्ण झालेला मायकेलअँजेलोचा दाविद यांसाठी सारे जग येथे येते. भाविकांनी मात्र सान मार्को या जुन्या डॉमिनिकन मठासाठी दोन तास अवश्य राखून ठेवावेत. मठवासी बंधूंच्या छोट्या खोल्यांत फ्रा अँजेलिको व त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्तचरित्रातील प्रसंग भिंतींवर रंगवले. ही चित्रे प्रदर्शनासाठी काढलेली नव्हती. एका खोलीत एक व्रतस्थ आणि त्याच्या प्रार्थनेसाठी एक चित्र, अशी ती योजना होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली या चित्रकार धर्मगुरूला धन्यवादित घोषित केले आणि १९८४ साली कलावंतांचा आश्रयदाता ठरवले.

सांता क्रोचे या फ्रान्सिस्कन मंदिरातील चिमाबुए यांचा क्रूस पाहताना चित्राचा बराच भाग नाहीसा झालेला दिसतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला आलेल्या महापुरात तो चिखलपाण्यात बुडाला होता. दुरुस्ती करणाऱ्यांनी गेलेला भाग नव्याने रंगवून जुना असल्याचा भास निर्माण केला नाही. झालेली हानी हानी म्हणूनच दिसू दिली.

जुन्या गोव्यातील बॉम जीजस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घेतलेल्या प्रत्येक भाविकाने फ्लॉरेन्सची कारागिरी पाहिलेली आहे. संताचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत ती गोव्यातील सोनारांनी १७व्या शतकात घडवली. परंतु तिच्याखालील रंगीत संगमरवरी चौथरा टस्कनीचे राजे, ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरे यांची भेट आहे. शिल्पकार जोवान्नी बात्तिस्ता फोज्जीनी यांनी तो फ्लॉरेन्समध्ये तयार केला आणि जहाजाने आणून १६९८ साली गोव्यात बसवण्यात आला. त्यावरील ब्राँझच्या चार पट्टांवर संताच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. हेच कोझिमो तिसरे वाईनच्या इतिहासातही अजरामर झाले आहेत, ते कसे हे पुढील परिच्छेदात पाहू.

क्यांतीचे मळे

फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या दरम्यानच्या डोंगराळ पट्ट्याला क्यांती म्हणतात. १७१६ साली कोझिमो तिसरे यांनी फर्मान काढून क्यांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचे आर्नो खोरे या चार भागांच्या सीमा ठरवून दिल्या. त्या सीमेबाहेरची वाईन त्या नावाने विकण्यास मनाई झाली. एखाद्या पेयाचे नाव त्याच्या भूमीशी कायद्याने बांधण्याचा हा जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो.

या प्रदेशाचे मुख्य द्राक्ष सांजोवेजे. क्यांती क्लासिको या नावाने विकल्या जाणाऱ्या वाईनमध्ये ते किमान ८० टक्के असावे लागते, आणि बाटलीवर काळ्या कोंबड्याचे चिन्ह असते. आज हे मळे चित्रासारखे देखणे दिसतात. पण कित्येक शतके येथील शेतकरी अर्धलीने जमीन कसत असे. पीक निम्मे मालकाचे, निम्मे कुळाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मंडळी कारखान्यांकडे गेली आणि हजारो शेतघरे ओस पडली. १९६४ साली कायद्याने असे नवे करार बंद केले. आज पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या अनेक दगडी घरांत एके काळी अशीच कुळे राहत होती. ते सौंदर्य पाहताना त्यामागील घामाचीही आठवण ठेवावी, असे आम्हास वाटते.

सान जिमिन्यानो : मनोऱ्यांचे गाव

भरभराटीच्या काळात या छोट्या नगरात श्रीमंत घराण्यांनी एकमेकांशी चढाओढ करीत सुमारे ७२ मनोरे बांधले, असे सांगतात. आज त्यांपैकी १४ उरले आहेत. १३४८च्या प्लेगने नगर खचले आणि १३५३ साली ते फ्लॉरेन्सच्या अधीन झाले. पुढे येथे नवे बांधण्याइतका पैसा कोणाकडे उरला नाही, आणि त्यामुळेच जुने शिल्लक राहिले. १९९० साली युनेस्कोने या नगरीचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला.

येथील मुख्य मंदिरात दोन्ही बाजूंच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. एकीवर जुना करार, समोरच्या भिंतीवर नवा करार. अक्षरओळख नसलेल्या भाविकांचा हा बायबल होता. याच मंदिरातील एका उपवेदीच्या दालनात गिर्लांदायो यांनी संत फिना यांचा मृत्युप्रसंग चितारला आहे. फिना ही येथील एक गरीब मुलगी. आजाराने अंथरुणास खिळल्यावर ती लाकडी फळीवर पडून राहिली, आणि १२५३ साली किशोरवयातच मरण पावली. ती गेली तेव्हा फळीवर आणि मनोऱ्यांवर फुले उमलली, अशी लोककथा आहे. ज्या गावात श्रीमंतांनी उंचीची स्पर्धा केली, त्या गावाने आपली संत म्हणून फळीवर निजलेल्या मुलीला निवडले.

संत ऑगस्टीन यांच्या नावाच्या मंदिरात बेनोत्सो गोत्सोली यांनी १४६४-६५ साली त्या संताचे चरित्र १७ चित्रांत रंगवले. पहिल्या चित्रात बाल ऑगस्टीनला शाळेत घातले जात आहे आणि शेजारी एका खोडकर मुलास चोप मिळत आहे. धर्मशिक्षणवर्गाच्या शिक्षकांना हे चित्र विशेष आवडेल. येथील वर्नाच्चा ही पांढरी वाईन १९६६ साली इटलीच्या नव्या कायद्याप्रमाणे प्रदेशनिष्ठ नावाची मान्यता मिळवणारी पहिली वाईन ठरली.

सिएना : पवित्र मरियेची नगरी

सप्टेंबर १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईपूर्वी सिएनाच्या नागरिकांनी आपले नगर पवित्र मरियेस अर्पण केले आणि बलाढ्य फ्लॉरेन्सवर विजय मिळवला. तेव्हापासून मरिया ही या नगरीची राणी. दुच्चो या चित्रकाराने १३०८ ते १३११ या काळात कॅथेड्रलसाठी मरियेचे भव्य वेदीचित्र तयार केले. ९ जून १३११ रोजी ते त्याच्या कार्यशाळेतून कॅथेड्रलपर्यंत मिरवणुकीने नेण्यात आले. चित्राखालच्या लेखात चित्रकाराने मरियेकडे सिएनासाठी शांती आणि स्वतःसाठी आयुष्य मागितले आहे. १८व्या शतकात चित्राचे तुकडे झाले, काही परदेशी गेले. मुख्य भाग आज कॅथेड्रलशेजारच्या संग्रहालयात आहे.

काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या या कॅथेड्रलमध्ये निकोला पिसानो यांचे १२६५-६८ या काळातील प्रवचनपीठ आहे. जमिनीवर ५६ चित्रपट्ट आहेत. त्यांचे काम १४व्या ते १९व्या शतकापर्यंत चालले. पावलांनी झिजू नये म्हणून फरशीचा बराच भाग एरवी झाकलेला असतो आणि दरवर्षी उन्हाळ्यात व शरदात काही आठवडेच उघडला जातो.

कॅथेड्रलच्या बाजूला एक अर्धवट, छत नसलेली भिंत उभी आहे. १३३९ साली सिएनाने आपल्या कॅथेड्रलचा एवढा विस्तार करण्याचे ठरवले की जुनी इमारत नव्या मंदिराचा केवळ एक आडवा भाग ठरावी. बांधकाम चालू असताना १३४८चा प्लेग आला. निम्मी किंवा त्याहून अधिक वस्ती मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. काम थांबले ते कायमचेच. नंतरच्या पिढ्यांनी ती भिंत पाडली नाही. आज यात्रेकरू तिच्या माथ्यावर चढून नगर पाहतात. मानवी संकल्पांची मर्यादा सांगणारे याहून बोलके प्रवचन आम्हास ठाऊक नाही.

नगरसभेच्या प्रासादात अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती यांनी १३३८-३९ साली सुशासन आणि दुःशासन यांची भित्तिचित्रे काढली. सुशासनाच्या भिंतीवर नगरात घरे बांधली जात आहेत, व्यापार चालू आहे. वेशीबाहेर शेतकरी नांगरणी-कापणी करीत आहेत, टेकड्यांवर द्राक्षवेली आहेत. दुःशासनाच्या भिंतीवर न्यायदेवता बांधलेली आहे आणि शेते ओसाड पडली आहेत. राज्यकारभार करणाऱ्यांनी दररोज याच दालनात बसून निर्णय घ्यावेत, अशी ती व्यवस्था होती. नगराचे कल्याण आणि शेताचे कल्याण ही एकच गोष्ट आहे, हे त्या चित्रकाराने सातशे वर्षांपूर्वी ओळखले होते. लोरेन्झेत्तीही बहुधा त्याच प्लेगमध्ये मरण पावला.

सिएनाचे दोन संत सर्वपरिचित आहेत. संत कॅथरिन यांचा जन्म १३४७ साली कापड रंगवणाऱ्या याकोपो बेनिनकासा यांच्या मोठ्या कुटुंबात झाला. औपचारिक शिक्षण नसलेल्या या कन्येने सांता मारिया देल्ला स्काला इस्पितळात रुग्णसेवा केली, राजांना आणि पोपमहोदयांना पत्रे लिहून घेतली. त्यांची सुमारे ३८० पत्रे उपलब्ध आहेत. अविन्योन येथे राहणारे पोप ग्रेगरी अकरावे यांनी रोमला परतावे म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि जानेवारी १३७७ मध्ये पोप रोमला आले. २९ एप्रिल १३८० रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा देह रोममध्ये आहे, तर मस्तक सिएनाच्या सान डोमेनिको मंदिरात जतन केलेले आहे. पोप पॉल सहावे यांनी १९७० साली त्यांना ख्रिस्तसभेच्या धर्मपंडित घोषित केले, आणि १९९९ साली त्या युरोपच्या सहआश्रयदात्या झाल्या. त्यांचे राहते घर आज प्रार्थनास्थळ आहे.

कॅथरिन निवर्तल्या त्याच वर्षी संत बर्नार्डिनो जन्मास आले. काम्पो या शिंपल्याच्या आकाराच्या चौकात १४२७ साली त्यांनी दिलेली प्रवचने प्रसिद्ध आहेत. सूर्यकिरणांच्या वर्तुळातील येशूच्या पवित्र नामाची अक्षरे त्यांनी सर्वत्र नेली. हे चिन्ह नगरसभेच्या दर्शनी भिंतीवर ठळकपणे दिसते. पुढे येशूसंघाने स्वीकारलेल्या मुद्रेत तीच अक्षरे आहेत, त्यामुळे आपल्या अनेक मंदिरांतून ती वाचकांच्या परिचयाची असतील.

याच चौकात २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी ‘पालिओ’ ही घोड्यांची शर्यत होते. पहिली प्रोवेन्झानो येथील मरियेच्या, तर दुसरी स्वर्गोन्नयनाच्या सणानिमित्त. नगराच्या १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ले एका वेळी धावतात. शर्यतीपूर्वी घोड्याला मोहल्ल्याच्या प्रार्थनामंदिरात नेऊन आशीर्वाद दिला जातो.

सान फ्रान्चेस्को बॅसिलिकेत १७३० साली चोरीस गेलेल्या आणि तीन दिवसांनी प्रोवेन्झानो मंदिरात सापडलेल्या परमप्रसादाच्या पवित्र भाकरी ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी २२३ अद्याप जशाच्या तशा असल्याची तेथील परंपरा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली सिएनाच्या भेटीत त्यांच्यासमोर प्रार्थना केली.

मोंते ओलिवेतो, मोंताल्चिनो आणि पिएंझा

सिएनाच्या दक्षिणेस चिकणमातीच्या ओसाड टेकड्यांत मोंते ओलिवेतो माज्जोरे हा बेनेदिक्त परंपरेचा मठ आहे. सिएनाच्या सरदार घराण्यातील बर्नार्डो तोलोमेई १३१३ साली सर्व सोडून येथे एकांतवासासाठी आले. १३४८ साली प्लेगची बातमी येताच ते सुरक्षित मठातून उतरून सिएनात आपल्या आजारी मठबंधूंच्या सेवेस गेले, आणि तेथेच मरण पावले. त्यांची कबर कोणती हे कोणालाही दाखवता येत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली त्यांना संतपद दिले. मठाच्या ओवऱ्यांत सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांनी काढलेली संत बेनेदिक्त यांची चित्रमालिका आहे.

तेथून जवळच मोंताल्चिनो लागते. येथील ब्रुनेल्लो वाईन केवळ सांजोवेजे द्राक्षांची असते आणि हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीपूर्वी ती विक्रीस येत नाही.

ओर्चा खोऱ्यावर उभे असलेले पिएंझा हे एका पोपच्या मायभूमीवरील प्रेमाचे स्मारक आहे. एनेआ सिल्विओ पिकोलोमिनी यांचा जन्म १४०५ साली येथे झाला, तेव्हा गावाचे नाव कोर्सिन्यानो होते. १४५८ साली ते पायस दुसरे या नावाने पोप झाले. त्यांनी वास्तुकार बर्नार्डो रोसेल्लीनो यांच्याकडून १४५९ ते १४६२ या अल्पकाळात गावाचा मध्य नव्याने उभारला आणि त्याला आपले नाव दिले. मंदिरात उजेड भरपूर असावा आणि भिंती कोणीही रंगवू नयेत, अशी त्यांची आज्ञा होती. आजही आतील भिंती शुभ्र आहेत. मात्र उतारावर बांधल्यामुळे वेदीमागील भाग हळूहळू खचत आला आहे. येथील मेंढीच्या दुधाचे चीज प्रसिद्ध आहे.

मोंतेपुल्चानो

सुमारे ६०० मीटर उंचीवरील या नगरीत ४ ऑक्टोबर १५४२ रोजी संत रॉबर्ट बेलार्मिन जन्मले. येशूसंघाचे हे कार्डिनल १९३० साली संत आणि १९३१ साली धर्मपंडित घोषित झाले. त्यांनी १५९७ साली लिहिलेली छोटी धर्मशिक्षण पुस्तिका अनेक भाषांत गेली.

भारताशी अधिक जवळचा संबंध मात्र नोबिली या घराण्याचा आहे. मूळ मोंतेपुल्चानोच्या या घराण्यातील फादर रॉबर्ट डी नोबिली १६०५ साली गोव्यात उतरले आणि १६०६ साली मदुराईस गेले. तमिळ, संस्कृत आणि तेलुगू शिकून त्यांनी संन्याशाच्या वेषात शुभवर्तमान सांगितले. त्याच काळात साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण आकार घेत होते. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. नोबिलींच्या मार्गावर कडाडून टीका झाली. परंतु १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. १६५६ साली मैलापूर येथे त्यांचे निधन झाले.

नगराच्या पायथ्याशी द्राक्षमळ्यांत सान बियाजो हे घुमटाकार मंदिर आहे. आंतोनिओ दा सांगाल्लो थोरले यांनी १५१८ साली ते बांधावयास घेतले. येथील ‘विनो नोबिले’ ही वाईन सांजोवेजेपासून होते. मोंतेपुल्चानो नावाचे एक द्राक्षही आहे. पण ते अब्रुत्सो प्रांतात पिकते आणि त्याचा या नगराशी संबंध नाही. दुकानात नाव वाचताना ही गल्लत टाळावी.

द्राक्षारस आणि वेदी

टस्कनीत ‘विन सांतो’, म्हणजे पवित्र वाईन, या नावाचे गोड पेय मिळते. द्राक्षे टांगून वाळवतात आणि मग त्यांचा रस लहान पिंपांत वर्षानुवर्षे मुरवतात. नावावरून ती ख्रिस्तयागाचीच वाईन असा समज होतो. पण ती मुख्यतः पाहुण्यांपुढे बदामाच्या बिस्किटांसह ठेवली जाते. ख्रिस्तसभेचा नियम सोपा आहे : वेदीवरील द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांचाच आणि न बिघडलेला असावा. तो टस्कनीचाच असावा असे नाही. चव घेणाऱ्यांनी मर्यादा पाळावी, आणि जे घेत नाहीत त्यांना या प्रवासात काहीही उणे पडत नाही.

यात्रेकरूंसाठी काही सूचना

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. शेंगेन व्हिसाची तयारी बरीच आधी करावी.

किमान पाच दिवस द्यावेत : दोन फ्लॉरेन्सला, दोन सिएनाला आणि एक पिएंझा-मोंतेपुल्चानोला. सिएनाहून सान जिमिन्यानो अर्ध्या दिवसात होते. जवळचे रेल्वेस्थानक पोज्जीबोन्सी असून पुढे बस मिळते. मोंतेपुल्चानोकडून रोमला जाताना क्युसी येथे गाडी पकडावी.

जुन्या नगरांत बाहेरच्या मोटारींना मज्जाव असतो. नकळत आत शिरल्यास कॅमेऱ्यावरून दंड होतो. गल्ल्या चढउताराच्या आणि दगडी आहेत. ज्येष्ठांनी भक्कम पादत्राणे घालावीत. मंदिरात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. दुपारी अनेक लहान मंदिरे बंद असतात.

मोठ्या मंदिरांना आता तिकीट आहे. जीर्णोद्धाराचा खर्च पाहता त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु प्रार्थनेसाठी व ख्रिस्तयागासाठी येणाऱ्यास तिकीट लागत नाही, बहुधा वेगळे दार असते. आमचा भाविकांना आग्रह आहे की प्रत्येक नगरात निदान एकदा त्या दाराने आत जावे. रविवारच्या ख्रिस्तयागास तेथील रहिवासी थोडेच असतात, बहुतेक वृद्ध. ज्या चित्रांसमोर बाहेर रांगा लागतात त्यांच्यासमोर ते गुडघे टेकतात. इटालियन येत नसले तरी ख्रिस्तयागाचा क्रम आपल्या ओळखीचा आहे. त्यांच्या बाकावर जाऊन बसावे आणि शांती देण्याची वेळ येताच शेजारच्या आजीबाईंचा हात हाती घ्यावा.